चामड्यावर टीप मारताना दोरा छळतो तेव्हा

कापडावर टाका चुकला तर उसवायचा आणि पुन्हा घालायचा. चामड्यावर ती सोय नाही. सुई एकदा आरपार गेली की भोक कायमचं. उसवून त्याच जागी दुसऱ्यांदा टीप मारली की भोकांची दुहेरी रांग उठते, आणि कडेची पट्टी टपाल तिकिटासारखी फाटायला मोकळी होते. त्यामुळे चामडं शिवताना जे काही चुकायचं ते उरलेल्या तुकड्यावर चुकू द्यायचं. तुकडाही त्याच चामड्याचा, तेवढ्याच थरांचा, तसाच चिकटवलेला हवा. जीन्सच्या चिंधीवर छान चालणारं मशीन चार मिलिमीटरच्या पट्ट्यावर काय करेल, हे चिंधी सांगत नाही.

घरी अंब्रेला मशीन (शिंप्याकडे असतं तसं जड मशीन) किंवा साधं घरगुती मशीन आहे, पाकीट, बेल्ट, स्लिंग बॅग असं काही शिवायला घेतलंय आणि दोरा ऐकत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. तक्रारी ठरलेल्या असतात: दोरा तुटतो, पिंजतो, खाली गुंतवळ होते, टाका सुटतो. आणि नव्या माणसाचा हात पहिल्यांदा जातो तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण कमीजास्त करणाऱ्या, स्क्रूवर. माझाही गेला होता. बॅगेच्या पहिल्या पट्ट्यावर टाके सुटायला लागले तेव्हा मी अख्खी दुपार स्क्रू पिळत बसले होते. संध्याकाळी लक्षात आलं की सुई वरपर्यंत बसलेलीच नाही, जेमतेम एक मिलिमीटर खाली राहिली होती. ती नीट बसवली, पण तोवर स्क्रूची मूळ जागा हरवली होती. एका दोषाचे दोन झाले.

म्हणून क्रम धरा. आधी तुटलेलं टोक, मग सुई, मग दोरा, मग दोऱ्याची वाट, मग बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी), मग आपला हात. टेन्शन त्यानंतर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सुईही बदलली, दोराही बदलला आणि स्क्रूही फिरवला, तर टीप सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा शून्यापासून सुरुवात.

तुटलेलं टोक फेकू नका

दोरा तुटला की लगेच नवा ओवायची घाई होते. थांबा. तुटलेलं टोक खिडकीजवळ नेऊन पांढऱ्या कागदावर धरा. घरात भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघा.

टोक कात्रीने कापल्यासारखं स्वच्छ असेल तर कुठेतरी धार आहे: सुईच्या प्लेटच्या भोकाला, शटलच्या (प्लेटखाली फिरून दोरा पकडणाऱ्या भागाच्या) टोकाला, किंवा सुईच्या स्वतःच्याच पात्याला. टोक केरसुणीसारखं फुललेलं, तंतू सुटे झालेले असतील तर दोरा घासला जातोय. बहुतेक वेळा सुईचं नेढं लहान पडतं किंवा झिजून खरबरीत झालेलं असतं. टोकाला कडक मणी आलाय, बोटाला टोचतोय, तर तो वितळलाय, सुई तापली. आणि टोक आखडून वळल्यासारखं दिसत असेल तर दोरा ताणून तुटला. तेव्हा टेन्शनचा विचार करायचा, पण त्याआधी दोरा वाटेत कुठे अडकला होता का ते बघायचं.

सुई

निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, असं मी बेधडक सांगेन.

पहिली गोष्ट, सुई तुमच्या मशीनच्या जातीची आहे का. घरगुती मशीनच्या सुईची मान एका बाजूने चपटी असते. जुकी पद्धतीच्या औद्योगिक मशीनला गोल मानेची डीबी × १ लागते. चामडं दाबून धरणारा फूट स्वतःही पुढे सरकतो अशा वॉकिंग फूट मशीनची डीपी × १७ मानेला जाड असते. लांबी वेगळी, मान वेगळी. एकीच्या जागी दुसरी कशीबशी बसली तरी शटलशी तिचा मेळ बसत नाही. नवी सुई आणताना जुनी सुई कागदात गुंडाळून दुकानात न्या, किंवा जुनं पाकीट दाखवा.

दुसरी, टोक. साध्या सुईचं टोक गोल असतं, ते कापडाचे धागे बाजूला सारत आत जातं. चामड्यात सारायला धागे नाहीत, तिथे टोकाने कापावंच लागतं. चामड्याच्या सुयांना छोटं पातं असतं. पाकिटावर ‘एलआर’ असेल तर ते तिरका काप देतं आणि टाके किंचित तिरपे, हाताने शिवल्यासारखे दिसतात. ‘एस’ टोक टिपेच्या रेषेतच कापतं, त्यामुळे टाके सरळ बसतात, पण एकामागोमाग एक काप एकाच रेषेत येतात. टाका बारीक ठेवला तर चामडं तिथे कमजोर होतं. घरगुती मशीनसाठी ‘एच-एलएल’ लिहिलेल्या सुया मिळतात. जॅकेटचं मऊ, पातळ चामडं असेल किंवा चामड्याला खालून कापडी अस्तर असेल तर मात्र गोल टोकाची सुईसुद्धा चालते, कधीकधी तीच बरी, कारण पात्याची सुई अस्तराचे धागे कापत जाते.

तिसरी, आकार. पाकिटावर दोन आकडे असतात, ११०/१८ असे. ११० म्हणजे सुईची जाडी १.१० मिलिमीटर, १८ हा त्याच मापाचा जुना नंबर. सुई पातळ पडली की भोक लहान होतं, दोरा त्यातून घासत जातो आणि वरच्या-खालच्या दोऱ्याची गाठ चामड्याच्या पोटात शिरतच नाही, तळाशी लोंबत राहते. लोक ते बघून टेन्शन आवळतात. मग दोरा तुटतो. सुई फार जाड घेतली तर भोकं उघडी दिसतात आणि टाका सैल बसतो.

जोडी जुळते का ते पाहायची एक साधी चाचणी आहे. सुई मशीनमधून काढा. फूटभर दोरा तिच्यात ओवून दोन्ही हातांत ताणून तिरका धरा, घसरगुंडीसारखा. सुई वरच्या टोकाला नेऊन सोडा. ती आपल्याच वजनाने घसरत खाली आली पाहिजे. मध्येच अडली तर एक नंबर मोठी सुई घ्या. मी प्रत्येक नव्या रिळाला हे करते, दहा सेकंदांचं काम आहे.

चौथी, बसवणं. सुईला एका बाजूने लांब खाच असते आणि दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या वर एक खोलगट खळगा. खाच ज्या बाजूने दोरा ओवता त्या बाजूला यायला हवी आणि खळगा शटलकडे. चपट्या मानेच्या सुईत चूक होत नाही, गोल मानेच्या सुईत हमखास होते. सुई थोडीशी जरी वळून बसली तरी टाके सुटू लागतात. स्क्रू आवळताना सुई आपल्यासोबत फिरते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा एकदा डोळा लावून बघा. नेढ्यातून एक टाचणी आडवी घातली की सुई कुठे तोंड करून उभी आहे ते सहज दिसतं.

आणि सुया बदला. चामडं सुईला कापडापेक्षा लवकर बोथट करतं. बोथट सुईचा आवाज बदलतो, ‘टच टच’च्या जागी ‘ठप ठप’ यायला लागतं. तो आवाज आला की काम पुरं करायचा मोह आवरा.

दोरा: दुकानातले तीन हिशोब

घरातला शिलाईचा सुती दोरा चामड्यासाठी नाही. हातशिलाईचा मेण लावलेला दोराही साध्या मशीनमध्ये घालू नका. मेण दोरा दाबून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत आणि बॉबिन केसच्या पट्टीखाली साचतं आणि पुढचे दोन आठवडे तुम्ही ते खरवडत बसता. हवा तो बॉन्डेड नायलॉन किंवा बॉन्डेड पॉलिएस्टर. बॉन्डेड म्हणजे पदर एकमेकांना चिकटवून वरून लेप दिलेला. त्यामुळे तो सुईच्या घर्षणात लगेच पिंजत नाही. नायलॉन थोडा ताणला जातो, झटके सोसतो. पॉलिएस्टर उन्हात जास्त टिकतो. रोज उन्हापावसात फिरणाऱ्या बॅगेला मी पॉलिएस्टर वापरते, बेल्टला नायलॉन.

गोंधळ होतो तो आकड्यांचा. कोणी टेक्स सांगतो, कोणी टिकट नंबर, कोणी ‘दोनशेदहा तीन’ म्हणतो. मी धारावीत पहिल्यांदा कोन (दोऱ्याचं मोठं, शंकूसारखं रीळ) घ्यायला गेले तेव्हा काउंटरवर नुसती मान डोलवत उभी होते. हिशोब मात्र सोपा आहे. टेक्स म्हणजे हजार मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. टेक्स ७० चा हजार मीटर दोरा ७० ग्रॅम भरतो. डेनिअर हे नऊ हजार मीटरचं वजन. तेव्हा २१०/३ म्हणजे २१० डेनिअरचे तीन पदर, एकूण ६३०. नऊने भागा, ७० टेक्स. तसंच ४२०/३ चे होतात १४०, आणि तो साधारण टेक्स १३५ म्हणून विकला जातो. टिकट नंबर उलटा चालतो: ३००० ला टेक्सने भागलं की ढोबळमानाने टिकट मिळतं. म्हणून टिकट ४० पातळ आणि टिकट २० जाड. परदेशी रिळांवर व्ही ६९, व्ही ९२, व्ही १३८ असतं, ते अनुक्रमे टेक्स ७०, ९० आणि १३५.

टेक्स ७० ला १६ किंवा १८ नंबरची सुई, टेक्स ९० ला १८ ते २०, टेक्स १३५ ला २१ किंवा २२, टेक्स २१० ला २३ किंवा २४. चामडं कडक असेल तर जोडीतला मोठा आकडा घ्या.

घरगुती मशीनवर टेक्स ७० च्या वर जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत. अंब्रेला मशीन टेक्स ९० पर्यंत बरं वागतं. त्याहून जाड दोऱ्याला चकत्यांची पकड, शटलची जागा, सगळंच अपुरं पडतं. समाजमाध्यमांवर घरच्या मशीनवर जाडजूड दोऱ्याने बेल्ट शिवणारे व्हिडिओ दिसतात. त्यात पंधराव्या टाक्यानंतर काय होतं ते दाखवत नाहीत. जाड दोऱ्याचा थाट हवाच असेल तर हाताने शिवा, आरी आणि दोन सुया घेऊन. कोल्हापुरी चपलेची वादीची शिलाई आजही हातानेच चालते आणि ती कुठल्याही मशीनच्या टिपेला लाजवते.

वर जाड आणि खाली एक पायरी पातळ दोरा लावायला हरकत नाही. वर टेक्स ९०, खाली टेक्स ७०, असं मी नेहमी करते. बॉबिनमध्ये दोरा जास्त मावतो आणि गाठ आत ओढली जायला सोपी पडते. पाकिटासारख्या पातळ मालाला तर याचा फार उपयोग. दोन थर मिळून सव्वा मिलिमीटर असेल तर जाड दोऱ्यांची गाठ लपायला आत जागाच नसते. टेन्शन कितीही जुळवा, ती वर तरी डोकावते नाहीतर खाली तरी.

दोऱ्याची वाट

बॉन्डेड दोऱ्याला आठवण असते. कोनवर गुंडाळलेला राहून राहून त्याला वेटोळ्यांचा आकार येतो आणि सुटताना तो स्प्रिंगसारखा उड्या मारतो. घरगुती मशीनच्या छोट्या खिळीवर तो मोठा कोन अडकवला की वेटोळं कोनच्या बुडाखाली जातं, आवळतं आणि दोरा तुटतो. कोनसाठी वेगळा उभा स्टँड घ्या. त्याची वरची कडी कोनच्या बरोबर डोक्यावर यायला हवी, कोनच्या उंचीच्या दोन-अडीच पट वर. दोरा सरळ वर उचलला गेला पाहिजे, बाजूला ओढला जाता कामा नये. कोनखाली फोमचा गोल तुकडा ठेवला तर दोरा खाली सरकत नाही.

आता सगळ्यात साधी चूक, जी सगळेच करतात: फूट खाली असताना दोरा ओवणं. फूट खाली असला की टेन्शनच्या चकत्या बंद असतात. दोरा त्यांच्यामध्ये न शिरता वरवर बसतो, आणि मग स्क्रू कितीही आवळा, दोऱ्याला काहीच कळत नाही. खालून मोठमोठे फास लोंबतात. ओवताना फूट वर. ओवून झाल्यावर फूट खाली करा आणि सुईजवळचा दोरा हाताने ओढा. आता अडकल्यासारखं वाटायला हवं. वाटलं नाही तर पुन्हा ओवा.

दोरा जिथे जिथे धातूला लागतो तिथे कापसाचा बोळा फिरवा. कड्या, दोरा उचलणारा दांडा, प्लेटचं भोक, शटलचं टोक. कापसाचा तंतू जिथे अडकेल तिथे ओरखडा आहे. बहुधा पूर्वी कधी सुई तुटून तिथे आपटलेली असते. हजार नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक गुंडाळी करून हलक्या हाताने घासा, पुन्हा कापूस फिरवा. शटलच्या टोकाला मात्र जास्त घासायचं नाही. त्याचा अणकुचीदारपणा गेला तर टाकेच बसणार नाहीत.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत तर आणखी एक भानगड होते. पंधरा दिवस मशीन झाकून ठेवलं की बॉबिन केसवर गंजाचा तांबूस थर येतो. डोळ्यांना जेमतेम दिसतो, दोऱ्याला मात्र पुरेपूर जाणवतो. केस काढून तेलाच्या फडक्याने पुसा. तेल दिल्यावर आधी जुन्या कापडावर दोन-तीन हात टीप मारून जास्तीचं तेल काढा, नाहीतर फिक्या चामड्यावर पडलेला डाग आयुष्यभर सोबत करेल.

खालची गुंतवळ

टिपेच्या सुरुवातीलाच खाली दोऱ्याचा गोळा झाला, प्लेटमधून चामडं निघेना, कात्री घालून सोडवावं लागलं. हा अनुभव घेतला नाही असा माणूस मी पाहिला नाही. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: दोऱ्याची सुटी टोकं मोकळी सोडलेली. पहिल्याच टाक्याला शटल ते टोक आत ओढून घेतं. वरचा आणि खालचा, दोन्ही दोरे चार बोटं लांब मागे काढा, बोटाने दाबून धरा आणि पहिले तीन-चार टाके चाक हाताने फिरवून घाला. मग पॅडल.

गुंतवळ टिपेच्या मध्यावर होत असेल तर वरचा दोरा चकत्यांतून निसटलाय किंवा दोरा उचलणाऱ्या दांड्यातून सुटलाय. आणि एक उलटं वाटणारं सूत्र लक्षात ठेवा: खाली घोळ दिसला तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो, वर घोळ दिसला तर खालच्या दोऱ्याचा.

बॉबिन भरतानाही घाई नको. दोरा एकसारखा, घट्ट, कडेपासून थोडा कमी भरा. टम्म भरलेलं बॉबिन केसमध्ये घासतं आणि अडखळत फिरतं. पोकळ भरलेल्या बॉबिनमधला दोरा आपल्याच थरांत रुततो. केसच्या पट्टीखाली बॉन्डिंगचा भुरा साचतो. जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा त्या फटीतून फिरवला की तो निघतो. पट्टीचा ताण बघायला केस दोऱ्याला टांगून धरा. आपोआप खाली सरकत गेली तर ताण कमी आहे. हात हलकेच झटकल्यावर दोन-चार इंच उतरून थांबली तर ठीक. झटकूनही हलली नाही तर जास्त. पट्टीचा स्क्रू फिरवायचा झालाच तर घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढा, आणि केस ताटलीवर धरून. तो चिमुकला स्क्रू फरशीवर पडला की सापडत नाही.

टाका सुटतो म्हणजे नेमकं काय होतं

हे एकदा डोळ्यांनी बघाच. प्लेट सरकवा, चाक हाताने फिरवा. सुई तळाला जाते आणि परत वर यायला लागते. दोन-अडीच मिलिमीटर वर आली की खळग्याच्या बाजूला दोऱ्याचा एक छोटा फुगा तयार होतो. शटलचं टोक नेमकं त्याच क्षणी येऊन त्या फुग्यात शिरतं आणि दोरा पकडतं. बस, एवढाच सगळा खेळ. फुगा झाला नाही, किंवा शटल लवकर-उशिरा आलं, तर टाका सुटला.

आता चामडं सुईला घट्ट आवळून धरतं. सुई वर निघाली की तिच्यासोबत चामडंही उचललं जातं. दोरा चामड्यासोबतच वर गेल्यामुळे फुगा होतच नाही. म्हणून चामड्यावर टाके सुटण्याचं मुख्य औषध म्हणजे फूटचा दाब वाढवणं. वरचा दाबाचा स्क्रू एक-दोन फेरे आवळा आणि फूटच्या शेजारून बघत राहा: सुई वर येताना चामडं प्लेटवर चिकटून राहतं का? राहिलं की पुरे, त्याहून जास्त दाबलं तर दात्यांचे वळ खाली उमटतात. फूटचं भोक रुंद, झिगझॅगचं असेल तर अरुंद भोकाचा फूट लावा. प्लेटचंही तसंच.

चामडं चिकटवायचं सोल्यूशन हे दुसरं कारण. चिकटवून लगेच शिवायला घेतलं तर ओलं सोल्यूशन सुईला लागतं, तिच्यावर चिकट थर बसतो, दोरा तिला चिकटतो आणि फुगा होत नाही. पूर्ण सुकू द्या. दुहेरी टेप लावत असाल तर ती टिपेच्या रेषेपासून दोन मिलिमीटर आत ठेवा. सुई चिकट झालीच तर सिलिकॉन तेलाच्या फडक्याने पुसून घ्या. वेगाने शिवताना सुई तापते, हेही इथेच सांगते: नायलॉन त्याच्या जातीप्रमाणे २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतो, पॉलिएस्टर २५५ च्या आसपास, आणि त्याच्या बऱ्याच आधी दोघेही नरम पडून तुटायला लागतात. क्लच मोटरवर शिकणाऱ्यांना हा त्रास जास्त, कारण ती हळू चालतच नाही. सर्वो मोटर बसवा, वेग कमी ठेवता येतो.

फक्त कोपऱ्यावर टाका सुटत असेल तर चूक मशीनची नाही, तुमच्या वळणाची आहे. आपण सुई तळाला ठेवून फूट उचलतो आणि चामडं फिरवतो. तळाला फुगा झालेला नसतो. फिरवताना दोरा पिळला जातो. सुई तळाला नेऊन चाक किंचित पुढे फिरवा, ती जरा वर यायला लागली आणि शटलने दोरा धरला की मग फूट उचला आणि वळा.

पातळावरून जाडावर चढतानाही असंच होतं. पट्टा बॅगेला जोडतो तिथे फूट पुढून उचलला जातो, मागून लटकतो आणि दाब जातो. फूटच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीचा चामड्याचा तुकडा सरकवा म्हणजे तो सपाट राहील. त्याआधी रापीने (चामडं तासायच्या पात्याने) थराची कड तासून उतरती केलेली असेल तर निम्मा त्रास वाचतो. हे चार टाके चाकाने. पॅडलवर पाय ठेवूच नका.

आता टेन्शन

इथपर्यंत सगळं तपासून झालं असेल तरच. आधी स्क्रू आत्ता जिथे आहे तिथे मार्करने खूण करा, किंवा फोटो काढून ठेवा. मी काढला असता तर ती दुपार वाचली असती.

वर एक रंग, खाली दुसरा रंग, असे दोन रंगांचे दोरे लावून तुकड्यावर वीतभर टीप मारा. खालचा रंग वर ठिपक्यांसारखा दिसतोय तर वरचं टेन्शन जास्त आहे, पाव फेरा सैल करा. वरचा रंग खाली दिसतोय तर पाव फेरा आवळा. पुन्हा वीतभर टीप. मग कात्रीने टिपेच्या रेषेवर तुकडा कापून कापलेली कड बघा: दोन्ही रंगांची गाठ थरांच्या मध्यावर बसलेली दिसली पाहिजे. ही कापलेली कड कुठल्याही चित्रापेक्षा जास्त शिकवते. मऊ चामड्यावर टीप खोल रुतून सुरकुत्या पडत असतील तर दोन्ही टेन्शनं एकत्र सैल करावी लागतात, नुसतं वरचं नाही.

टाक्याची लांबीही इथेच ठरवा. पाकिटाला तीन मिलिमीटर, बॅगेला साडेतीन ते चार, बेल्टला चार-पाच. कापडाच्या सवयीने दोन मिलिमीटर ठेवू नका. आकडा चारवर असूनही टाके तीनचेच पडत असतील तर चामडं फूटला चिकटतंय. टेफ्लॉनचा किंवा चाकाचा फूट लावा. नसेल तर वरून बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा.

टीप संपताना उलट टाका मारून पक्की करायची सवय चामड्यावर अंगाशी येते. पात्याची सुई आधी घातलेल्या दोऱ्यातूनच जाते आणि तो कापते. बॅग महिन्याभराने तिथेच उसवते, आणि दोष जातो दोऱ्याला. उलट टीप मारायचीच असेल तर दोन-तीन टाके, चाकाने, सुई जुन्याच भोकात पडते आहे हे बघत. मी मारत नाही. दोरा उचलणारा दांडा सगळ्यात वर असताना काम बाहेर काढते, वरचा दोरा मागे ओढते, दोन गाठी मारते, टोकं दोन मिलिमीटर ठेवून कापते आणि लायटरची ज्योत जवळ नेते. लावायची नाही, जवळ न्यायची. टोक वितळून बटणासारखं झालं की लायटरच्या धातूच्या बाजूने दाबायचं. चामडं करपायला एक सेकंद पुरतो.

तरीही नाही जमलं

सुई रिव्हेटवर किंवा झिपच्या दातावर आपटून तुटली आणि त्यानंतर प्रत्येक चामड्यावर, प्रत्येक दोऱ्यावर टाके सुटायला लागले, तर सुईचा दांडा सरकलाय किंवा शटलचं टायमिंग गेलंय. यूट्यूब बघून ते जुळवता येतं, पण पहिल्या खेपेला मेकॅनिकला बोलवा आणि तो काय करतो ते शेजारी उभं राहून बघा. तो यायच्या आधी मशीनपाशी तीन वस्तू काढून ठेवा: ज्या सुईने त्रास झाला ती सुई, तोच दोरा आणि त्याच चामड्याचे चार-पाच तुकडे. नाहीतर तो खिशातून कापडाची चिंधी काढतो, तिच्यावर सुरेख टीप मारून दाखवतो, “चालतंय की ताई” म्हणतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो.